व्यंगचित्राचा मूळ कागद

लंडनला जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो: ब्रिटिश म्युझियम बघाच, पण वेल्स स्ट्रीटवरच्या कार्टून म्युझियमसाठीही दोन तास ठेवा. ते तळघरात आहे, लहान आहे, तिकीट काढावं लागतं. तरी जा.

व्यंगचित्रं पुस्तकात मिळतात, नेटवर तर ढिगाने मिळतात. मग म्युझियम कशाला? मूळ कागद बघण्यासाठी. छापलेल्या चित्रापेक्षा तो बहुतेक वेळा बराच मोठा असतो. चुकलेल्या रेषेवर पांढरा रंग फासलेला असतो, छपाईत उमटू नये म्हणून निळ्या पेन्सिलीने केलेली आखणी असते, कडेला संपादकाच्या खुणा असतात. माणसाचा हात कुठे थबकला, हे तिथे कळतं.

आणि परंपरा केवढी! ब्रिटिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १८०५ सालचं चित्र घ्या. जेवणाच्या टेबलावर पुडिंग म्हणून पृथ्वीचा गोल ठेवलाय. एका बाजूला काटकुळा पंतप्रधान पिट समुद्राचा भलामोठा तुकडा कापतोय, समोर नेपोलियन खुर्चीतून अर्धवट उठून तलवारीने युरोप कापून घेतोय. दोनशे वर्षं उलटली, तरी त्या काळचं राजकारण समजायला एवढं एक चित्र पुरतं.

पुढे विसाव्या शतकातला व्यंगचित्रकार डेव्हिड लो. त्याच्या चित्रांनी हिटलर इतका चिडायचा की १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी लोला जरा सबुरीने घ्यायला सांगितलं. आपले बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण, दोघेही या लोला फार मानत. म्हणजे ही परंपरा आपल्याला परकी नाही.

मात्र तिची दुसरी बाजूही बघायला हवी. १८५७ च्या उठावाच्या काळात ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकात व्यंगचित्रकार टेनिएलने ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेताना काढला, आणि त्यात सूडाला उघड चिथावणी होती. उत्तम रेषा अन्यायाच्या बाजूनेही उभी राहते. अशी चित्रं लपवू नयेत, पूर्ण संदर्भासह भिंतीवर लावावीत, असं माझं ठाम मत आहे.

याच म्युझियमात ‘बीनो’सारखी मुलांची कॉमिक्सही मानाने मांडतात, हे मला सगळ्यात आवडतं. पोरांसाठी काढलेलं म्हणून कमी दर्जाचं, असा भेद नाही.

हे सगळं उभं राहिलं ते व्यंगचित्रांवर प्रेम करणाऱ्यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या एका ट्रस्टमुळे. म्युझियमचं दार उघडायला २००६ उजाडलं, २०१९ मध्ये जागा बदलावी लागली, पण त्यांनी चिकाटी सोडली नाही.

आपल्या दिवाळी अंकांनी पिढ्यान्‌पिढ्या व्यंगचित्रं छापली. दलाल, सरवटे, फडणीस यांची रेषा घराघरांत पोचली. ज्यांच्याकडे जुन्या अंकांची, छापखान्यांची कपाटं असतील त्यांना कळकळीची विनंती: रद्दीवाल्याला बोलावण्याआधी मूळ चित्रं बाजूला काढा, आणि सुरळी न करता सपाट ठेवा.