सात अब्ज डॉलरचा तो आकडा आणि इन्शुअर्ड बाँडबद्दलची भीती

अमेरिकेतल्या आपल्या लोकांमध्ये एक मेसेज बराच फिरतोय, कारण तिकडे टॅक्स वाचतो म्हणून म्युनिसिपल बाँड (शहरं, राज्यं, सरकारी संस्था यांचे कर्जरोखे, थोडक्यात म्युनी) घेणारे खूप आहेत आणि त्यातले अनेक जण रिटायर झालेले किंवा होत आलेले आहेत. मेसेज थोडक्यात असा: बाँडची हमी देणाऱ्या इन्शुरन्स कंपन्यांनी आपल्या भांडवलाच्या कितीतरी पट हमी देऊन ठेवलीये, एकट्या पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाच्या सेल्स टॅक्स बाँडवर अँबॅक नावाच्या कंपनीच्या डोक्यावर सात अब्ज डॉलर होते, बाँड बुडाला की सगळे पैसे एकदम द्यावे लागतात, दिले की ते गेलेच, २००८ ला याच म्युनी बाँडांमुळे या कंपन्या बुडाल्या, तेव्हा 'इन्शुअर्ड' हा शब्द म्हणजे नुसता कागद आहे, असेल तो बाँड मिळेल त्या भावाला विकून टाका.

ही शेवटची ओळ वाचून राग आला, खरंच आला. म्हातारपणाच्या खर्चासाठी ठेवलेला बाँड कोणी घाबरून तोट्यात विकणार असेल तर निदान ज्या कारणासाठी विकतोय ते तरी खरं हवं ना. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एकट्या पोर्तो रिकोवर सात अब्ज"

आकडा खोटा नाहीये. चुकीचा आहे तो त्याचा अर्थ. कोफिना म्हणजे पोर्तो रिकोच्या सेल्स टॅक्सवर कर्ज उभारणारी सरकारी संस्था, तिच्या बाँडवर अँबॅकची हमी होती आणि ती दोन प्रकारे मोजली जायची. एक, फक्त मुद्दल, ज्याला नेट पार म्हणतात, ते होतं सुमारे ८० कोटी डॉलर. दुसरं, शेवटच्या दिवसापर्यंतची मुद्दल अधिक सगळं व्याज, ते जायचं सात अब्जांच्या वर. ८० कोटींचे सात अब्ज होतात कसे, तर हे बाँड होते कॅपिटल ॲप्रिसिएशन प्रकारचे, म्हणजे मधल्या वर्षांत हातात व्याज काहीच मिळत नाही, ते आतल्या आत चक्रवाढीने वाढत जातं आणि सगळं मिळून शेवटी एकदम द्यायचं असतं, आणि हे 'शेवटी' म्हणजे पार २०५४ पर्यंत लांब.

आपल्याकडे कोणी ५० लाखांचं होम लोन साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर सगळे हप्ते मिळून एक कोटीच्या पुढे जातात, पण म्हणून आज त्याच्यावर एक कोटीचं कर्ज आहे असं कोणी म्हणत नाही. इथेही हिशोब तोच, फक्त मुदत जास्त लांब असल्यामुळे आकडा डोळे फाडणारा दिसतो. पोर्तो रिकोने २०१७ मध्ये दिवाळखोरीची केस टाकली, तिथून बघितलं तर २०५४ मध्ये द्यायच्या १०० डॉलरची किंमत पाच टक्के दराने सोळा डॉलरच्या आसपास होते. आणि हेसुद्धा पोर्तो रिकोकडून एक पैसा येणार नाही असं धरलं तर. पुढे झालं काय, तर फेब्रुवारी २०१९ मध्ये कोफिनाचा कर्ज-तडजोडीचा प्लॅन लागू झाला, सिनियर म्हणजे आधी पैसे मिळायचा हक्क असलेल्या बाँडवाल्यांना सुमारे ९३ टक्के वसुली मिळाली, आणि अँबॅकची हमी असलेल्या होल्डरांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी कॅश आणि नवे बाँड घेऊन अँबॅकला आपल्या हमीतून मोकळं केलं. त्या सात अब्जांचा मोठा हिस्सा असा सुटला, आणि मेसेज लिहिणारा अजून जुनाच आकडा फिरवतोय.

ग्रॉस आणि नेट हाही फरक असतो, म्हणजे हमीचा काही भाग कंपनीने रीइन्शुरन्सवाल्याकडे, म्हणजे विमा कंपनीचा विमा काढणाऱ्याकडे, दिलेला असतो; तो धरून ग्रॉस, वजा करून नेट. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तो ग्रॉस की नेट, नुसती मुद्दल की व्याजासकट, एवढं तरी विचारायलाच हवं.

"बाँड बुडाला की सगळे पैसे एकदम द्यावे लागतात"

नाही. पॉलिसीत लिहिलेलं असतं की मुद्दल आणि व्याज मूळ शेड्यूलप्रमाणे ज्या तारखेला द्यायचं ठरलंय त्या तारखेला ते आलं नाही तर आम्ही देऊ. सहा महिन्यांचं व्याज चुकलं तर तेवढं व्याज, २०३५ ची मुद्दल चुकली तर ती २०३५ मध्ये. आधी सगळं फेडून टाकायचं का हे सहसा कंपनीच्या मर्जीवर असतं, होल्डर तशी मागणी करू शकत नाही. १ जुलै २०१६ ला पोर्तो रिकोने आपल्या जनरल ऑब्लिगेशन बाँडचे, म्हणजे सरकारने स्वतःच्या पतीवर काढलेल्या बाँडचे, पैसे चुकवले. अशुअर्ड गॅरंटी, एमबीआयएची नॅशनल आणि अँबॅक या हमी देणाऱ्या कंपन्यांची हमी ज्यांच्याकडे होती त्यांना त्यांचे पैसे कंपन्यांकडून मिळाले, आणि ज्यांचा विमा नव्हता ते पुढे २०२२ पर्यंत कोर्टाकडे डोळे लावून बसले होते.

लोकांची गल्लत होते ती बहुतेक एआयजी या मोठ्या अमेरिकन विमा कंपनीमुळे. सप्टेंबर २००८ मध्ये एआयजी अडकली कारण तिच्या करारांमध्ये बाजारभाव पडला की समोरच्याला तारण म्हणून कॅश आणून द्या अशी अट होती, आणि ती कॅश तिच्याकडे नव्हती, म्हणून अमेरिकन सरकारला सुरुवातीलाच ८५ अब्ज डॉलर उभे करावे लागले. म्युनी बाँडच्या हमीत असं तारण ठेवावं लागत नाही, बाँडचा भाव अर्धा झाला तरी जोपर्यंत हप्ता चुकत नाही तोपर्यंत इन्शुरन्स कंपनीच्या खिशातून काही जात नाही. दोन्हीकडे शब्द एकच, 'गॅरंटी', पण काम वेगळं.

"दिलेले पैसे गेलेच"

यावर फार लिहायची गरज नाही. कंपनीने होल्डरला पैसे दिले की त्याचा हक्क कंपनीकडे येतो, मग शहराकडे किंवा राज्याकडे वसुलीला कंपनी उभी राहते, दिवाळखोरीत मतदानही बहुतेक वेळा तीच करते. डेट्रॉइट घ्या, शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, करदात्यांच्या मतदानाने मंजूर झालेल्या सुमारे ३८ कोटी ८० लाख डॉलरच्या बाँडवर अँबॅक, अशुअर्ड आणि नॅशनलची हमी होती, तडजोड झाली डॉलरमागे ७४ सेंटवर. होल्डरला शंभर मिळाले, कंपन्यांना शहराकडून ७४ परत आले, तोटा राहिला २६. म्हणजे कंपनीचं एक्स्पोजर (एकूण दिलेली हमी) वेगळं आणि तिचा तोटा वेगळा. वह्यांमध्ये जो लॉस रिझर्व्ह दिसतो तो या दुसऱ्या गोष्टीचा अंदाज असतो, किती द्यावं लागेल वजा किती परत येईल, तेही आजच्या किमतीत.

"२००८ ला म्युनी बाँडांमुळे या कंपन्या बुडाल्या"

मेसेजमधली सगळ्यात चुकीची आणि सगळ्यात जास्त पसरलेली गोष्ट ही आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

हा धंदा सुरूच झाला म्युनी बाँडवर. १९७१ मध्ये अँबॅकने पहिली हमी दिली ती अलास्कातल्या जूनो इथल्या एका मेडिकल बिल्डिंगच्या बाँडवर, साडेसहा लाख डॉलरची. १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या अणुवीज प्रकल्पांचे सव्वादोन अब्ज डॉलरचे बाँड बुडाले तेव्हा लोकांना या विम्याची किंमत कळली आणि मागणी वाढली. १९८९ मध्ये न्यूयॉर्कने कायदाच केला की हमी देणाऱ्या कंपनीने फक्त हाच धंदा करायचा आणि कुठल्याही एका कर्जदारावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हमी द्यायची नाही. कारण साधं आहे, हजारो गावं, शाळा, पाणीपुरवठा योजना एकाच वेळी बुडत नाहीत, म्हणून थोड्या भांडवलावर खूप हमी देता येते. भांडवलाच्या कितीतरी पट हमी हा मेसेजमधला आरोप त्यामुळे म्युनीपुरता तरी आरोपच नाहीये, या धंद्याची ती रचनाच आहे.

बिघडलं ते नंतर, कंपन्या गृहकर्जांच्या सीडीओंवर, म्हणजे अनेक कर्जं एकत्र बांधून विकलेल्या कागदांवर, हमी द्यायला लागल्या तिथे. कागदावर ते शंभर वेगवेगळे सौदे होते, प्रत्येक सौदा मर्यादेच्या आत, पण आतमध्ये सगळीकडे तीच सबप्राइम (कमी पत असलेल्यांना दिलेली) घरकर्जं, तीच कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातली घरं, त्यामुळे एक पडला की सगळे पडणारच होते आणि एका कर्जदारावरची ती मर्यादा तिथे काहीच कामाची राहिली नाही. ऑगस्ट २००८ मध्ये अँबॅकने सिटीग्रुपसोबतचा १.४ अब्ज डॉलरचा असाच एक सौदा ८५ कोटी डॉलर देऊन मिटवला, म्हणजे दर डॉलरमागे साठेक सेंट खिशातून गेले, ते परत यायचा प्रश्नच नव्हता. डेट्रॉइटसारखं दिवाळखोर शहर २६ सेंटचा तोटा देतं आणि ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, म्हणून विकलेला कागद ६० सेंटचा, ही तुलना मेसेज लिहिणाऱ्याने एकदा करून बघायला हवी होती.

अजून एक पुरावा. फेब्रुवारी २००८ मध्ये वॉरन बफेने अँबॅक, एमबीआयए आणि एफजीआयसी या तीन हमी कंपन्यांना ऑफर दिली होती की तुमच्या सुमारे ८०० अब्ज डॉलरच्या म्युनी हमींची जबाबदारी मी घेतो. फक्त म्युनी, सीडीओला हातही लावणार नाही. म्युनी हे सडकं असतं तर त्याने तेच का मागितलं असतं? कंपन्यांनी नाही म्हटलं, कारण त्यांच्याकडे चांगलं उरलेलं तेवढंच होतं. वर्षभराने एमबीआयएने स्वतःच म्युनीचं काम वेगळं काढून नॅशनल नावाच्या कंपनीत टाकलं, आणि त्यावरून सीडीओंवर हमी घेतलेल्या बँकांनी कोर्टात धाव घेतली, कारण त्यांच्या हमी मागे उरलेल्या वाईट हिश्शावर राहिल्या होत्या.

"इन्शुअर्ड म्हणजे नुसता कागद"

इथे मेसेजला थोडा आधार आहे आणि तो लपवायचं कारण नाही. एफजीआयसीने नोव्हेंबर २००९ मध्ये रेग्युलेटरच्या आदेशाने क्लेम देणं थांबवलं, आणि २०१३ मध्ये तिचा प्लॅन लागू झाला तेव्हा सुरुवातीला डॉलरमागे १७ सेंट मिळाले. अँबॅकच्या बाबतीत विस्कॉन्सिनच्या रेग्युलेटरने २०१० मध्ये घरकर्जांच्या पॉलिसी एका वेगळ्या खात्यात टाकल्या, त्यांना आधी काही नाही आणि मग २०१२ पासून २५ टक्के. पण त्याच अँबॅकच्या जवळजवळ सगळ्या म्युनी पॉलिसी त्या खात्याबाहेर होत्या आणि त्यांचे क्लेम पूर्ण दिले गेले. डेट्रॉइटमध्येही असंच दिसलं, वर सांगितलेल्या बाँडवाल्यांना पूर्ण पैसे मिळाले, आणि त्याच शहराने पेन्शनसाठी पैसे उभे करायला काढलेल्या सर्टिफिकेटवर ज्यांच्याकडे एफजीआयसीची हमी होती त्यांना कंपनीकडून पूर्ण पैसे मिळाले नाहीत. तेव्हा 'सगळे इन्शुअर्ड बाँड' असं एकच वाक्य बोलताच येत नाही, ना बाजूने ना विरोधात.

खरी काळजी करायची असेल तर ती पोर्तो रिकोच्या वीज कंपनीची, प्रेपाची करा. ती जुलै २०१७ पासून दिवाळखोरीत आहे, बाँडची रक्कम आठ अब्ज डॉलरच्या वर, आणि वसुली किती होईल याचे अंदाज कोर्टाच्या प्रत्येक निकालाबरोबर हललेत. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने बाँडवाल्यांचा वीज कंपनीच्या निव्वळ उत्पन्नावर हक्क आहे असं म्हटलं तेव्हा चित्र एकदम बदललं. अशुअर्ड आणि नॅशनल दोघींची हमी यात आहे. त्यांच्या रिझर्व्हवर शंका घ्यायची तर इथे घ्या, वसुली किती टक्के धरलीये आणि कोणत्या वर्षी धरलीये हे विचारा, हा प्रश्न रास्त आहे.

आणि ज्यांच्याकडे असा बाँड आहे त्यांनी विकायच्या आधी एक काम करा. बाँडवर छापलेलं नाव आज पैसे देणारी कंपनी असेलच असं नाही. एफजीआयसीने हमी दिलेल्या म्युनी बाँडांचा मोठा गठ्ठा २००८ मध्येच एमबीआयएने रीइन्शुअर केला आणि तो आता नॅशनलकडे आहे, एफएसए छापलं असेल तर ती कंपनी २००९ मध्ये अशुअर्डने घेतली. एम्मा नावाच्या सरकारमान्य साइटवर बाँडचा क्युसिप नंबर (प्रत्येक बाँडचा ओळख क्रमांक) टाकला की मूळ कागदपत्रं फुकट मिळतात, त्यात पॉलिसी कोणाची ते बघा आणि मग त्या कंपनीच्या साइटवर तोच क्युसिप टाकून पॉलिसी आजही चालू आहे का ते तपासा.