शाळेच्या अर्जावर पाळकसाहेबांची सही

गेल्या महिन्यात दादाने नगरहून एक निवेदन पाठवलं. आम्ही दोघं ज्या मिशनच्या शाळेत शिकलो, तिच्या संस्थेला ते द्यायचंय. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पालकांनी लिहिलंय. मागण्या दोनच: निम्म्या जागा ख्रिस्ती मुलांसाठी राखून ठेवा, आणि बायबलचा तास सगळ्या मुलांना सक्तीचा करा. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांच्या सह्या हव्या आहेत, कारण दरवर्षी देणगी पाठवणाऱ्यांत आम्ही बरेच जण आहोत. खाली दादाने लिहिलं होतं, 'तुझी पोरं तर चर्चच्या देशात वाढली, तुला हे पटेलच.'

मला पटलं नाही. मी सही केलेली नाही. फोनवर कारण सांगायला गेले तर आवाज चढले, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी या 'चर्चच्या देशा'बद्दल, म्हणजे मी राहते त्या इंग्लंडबद्दल. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, पहिल्यांदाच निम्म्याहून कमी. ३७.२ टक्के लोकांनी धर्म नाही असं लिहिलं. तरीही इंग्लंडमधल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथा हिस्सा चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांचा आहे. कॅथलिक शाळा वेगळ्या. फी नाही, आणि त्यांतल्या कित्येकांचं नाव चांगलं. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर धर्म बघून प्रवेश देण्याची मुभा अशा शाळांना कायद्यानेच आहे. सगळ्या शाळा ती वापरत नाहीत. जिथे वापरतात, तिथे तुम्ही उपासनेला किती नेमाने येता हे पाळकाने लिहून द्यावं लागतं.

मोठी मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही ज्या चर्चमध्ये जायचो, तिथे मागच्या बाकाशेजारी एका छोट्या टेबलावर वही असायची. उपासना संपली की शाळेच्या अर्जासाठी येणाऱ्या पालकांनी तिथे नाव आणि तारीख लिहायची. शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं की काही आई-बाप मुलाला कडेवर घेऊन हळूच त्या टेबलाकडे सरकायचे. पेन एकच होतं, दोऱ्याने बांधलेलं. प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचा असतो आणि कोणती शाळा मिळाली ते १६ एप्रिलला कळतं. त्या वर्षी मे महिन्यात आमच्या पुढचे तीन बाक रिकामे झाले. त्यातल्या एका बाईशी माझी चांगली मैत्री होती. ती नंतर दुकानात भेटली, तेव्हा नजर चुकवत म्हणाली की रविवारी आता पोहण्याचा क्लास असतो. मला तिचा राग आला नाही. चार वर्षांच्या लेकरासाठी आई काय वाटेल ते करेल. राग आला तो त्या वहीचा. प्रभूच्या घरी आलेल्या माणसाला आपण हजेरी लावायला शिकवलं, आणि हजेरीच्या बदल्यात जागा दिली.

आमच्या हजेऱ्या पुरेशा होत्या. सही मागितली असती तर पाळकसाहेबांनी आनंदाने दिली असती. आम्ही मागितली नाही. नवऱ्याचं आणि माझं यावर आठवडाभर बोलणं चाललं. तो म्हणायचा, आपण काही खोटं सांगत नाही, मग लाजायचं कशाला? त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण मुलगी मोठी होऊन विचारेल की आपण रविवारी चर्चला का जायचो, तेव्हा उत्तरात शाळेचा 'श'सुद्धा नको, असं मला वाटत होतं. मुलगी घराजवळच्या साध्या सरकारी शाळेत गेली. पाठोपाठ धाकटाही.

सक्तीच्या तासाबद्दल मला काय वाटतं, ते त्या साध्या शाळेतच ठरलं. इथल्या कायद्याप्रमाणे सरकारी शाळेतही रोज सामूहिक उपासना व्हायला हवी, आणि तिचं स्वरूप ढोबळमानाने ख्रिस्ती असावं असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी तो नावापुरता पाळतात. पालकांना नको असेल तर ते मुलाला त्यातून काढून घेऊ शकतात, पण ते त्यांनी होऊन सांगायचं. मी आठवड्यातून एकदा मुलांचं वाचन घ्यायला शाळेत जायचे. सगळा वर्ग हॉलमध्ये गाणी म्हणत असताना माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी कॉरिडॉरमध्ये कोटांच्या खुंट्यांखाली बसून चित्र रंगवत असायची. आई-वडिलांनी तिला उपासनेतून काढलं होतं. हॉलमधलं गाणं तिला ऐकू येत होतं आणि तिचा पाय तालावर हलत होता. 'मला आत जायला आवडलं असतं,' असं ती मला एकदा म्हणाली. मी काय बोलणार? आत बसवणंही बरोबर नव्हतं आणि बाहेर एकटी ठेवणंही.

आपल्या राज्यघटनेचं कलम २८ याच्या उलट बाजूने सुरुवात करतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आधी घ्यावी लागते. इथे नको म्हणावं लागतं, आपल्याकडे हवं म्हणावं लागतं. मला आपली पद्धत अधिक सभ्य वाटते. आणि दादा, म्हणूनच तुमची दुसरी मागणी घटनेच्या विरुद्ध आहे. संस्थेने उद्या मान्य केली तरी पहिलाच पालक ती न्यायालयात मोडून काढेल. वर 'शाळेच्या नावाखाली धर्मांतर' असा जो आरोप आपल्यावर रोज होतो, त्याला आपणच कागद पुरवू.

या वादात मला पंडिता रमाबाई सारख्या आठवतात. १८८३ साली त्या इंग्लंडला आल्या. २९ सप्टेंबरला त्यांचा आणि दोन वर्षांच्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला, तो वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे. पुढे मुलीला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं यावरून रमाबाईंचा त्यांतल्याच एका भगिनीशी पत्रांतून मोठा वाद झाला. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला राहणारी एकटी बाई, पण लेकीच्या श्रद्धेचा निर्णय तिने दुसऱ्याच्या हाती दिला नाही. मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही त्यांची विधवा मुलींसाठीची शाळा आणि वसतिगृह निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. शाळेत धर्मशिक्षण नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत, पण दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून पुणं पेटलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

त्या पालकांना मी वाईट म्हणणार नाही. वसतिगृहात राहणारी लहान विधवा मुलगी ज्यांच्या हातचं जेवते त्यांच्या खोलीत जाऊन बसते, तेव्हा ती कितपत आपणहून बसते, हा प्रश्न खराच आहे. पण रमाबाईंनी दोन गोष्टी केल्या नाहीत. प्रार्थना वेळापत्रकात घातली नाही, आणि ती लपवलीही नाही. मिशनच्या शाळेकडून मला एवढंच हवंय.

बाकीचं काम घराचं आहे, आणि ते सोपं नाही. रात्री जेवणानंतर आमची कौटुंबिक उपासना होते, मराठीत. एक शास्त्रपाठ, एक भजन, मग प्रभूची प्रार्थना. नऊ वर्षांच्या धाकट्याला अजून 'पवित्र'मधला 'त्र' जमत नाही, तो 'पवितर' म्हणतो आणि आम्ही सुधारत नाही. मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिने चर्चला येणं बंद केलं. तुझा विश्वास आहे की नाही, असं विचारलं तर म्हणाली, 'ठाऊक नाही, पण ठाऊक असल्यासारखं गाणार नाही.' त्या रात्री मला झोप आली नाही. चर्चच्या शाळेत घातलं असतं तर हे टळलं असतं का, हेही मनात येऊन गेलं. पण त्या शाळेत गेलेल्या दोन मुली आमच्या ओळखीच्या आहेत, त्याही येत नाहीत. घरच्या उपासनेला मुलगी टेबलाशी बसते, डोळे मिटत नाही. धाकटा अडला तर शब्द मात्र तीच पुरवते.

आता पहिली मागणी. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिस्ती शाळांमधले ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाबाहेरचे आहेत. मंडळीतले लोक हा आकडा दुखावून सांगतात: आपली शाळा, आणि शिकतात दुसरेच. विरोधक तोच आकडा घेऊन विचारतात, मग अल्पसंख्याक दर्जा कशाला? मला त्या आकड्याचा अभिमान वाटतो. सावित्रीबाई आपल्या नगरलाच अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या होत्या. तेव्हा कुणी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला असता तर?

पण दादाची खरी तळमळ वेगळी आहे, आणि ती मला मान्य आहे. नगर जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं महार-मांग समाजातून आलेली. धर्म बदलला म्हणून १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. गावकीने जात मात्र सोडली नाही. ज्यांच्या आज्या-पणज्या मिशनच्या शाळेत अक्षर शिकल्या, त्यांच्या नातवंडांना आज तिथली फी झेपत नाही. हा अन्याय आहे आणि तो आपल्याच संस्था करतात. २०१४च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं, त्यामुळे गरीब मुलांना २५ टक्के जागा देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. २०२५च्या सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. निकाल लागेपर्यंत थांबायचं कशाला? अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा घटनेने दिलेला अधिकार फीचं उत्पन्न राखण्यासाठी वापरायचा, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

म्हणून मी दुसरा मसुदा लिहून दादाला पाठवलाय. संस्थेने कायद्याची वाट न पाहता चौथा हिस्सा जागा ज्यांना फी झेपत नाही अशा घरांतल्या मुलांना द्याव्यात, धर्म न विचारता. आपल्या वाड्यावस्त्यांवरची मुलं त्यात आपोआप येतील. बायबलचा तास शाळा सुटल्यावर, पालकांच्या लेखी संमतीने. या जागांपैकी दोन मुलांचा दहावीपर्यंतचा खर्च आम्ही इथून करू, असंही लिहिलंय.

दादाचा एका ओळीचा निरोप आला: 'पाळकसाहेबांना दाखवतो.' रविवारी फोन करणार आहे.