रिकामी वाटी

आखेनला शिकायला निघालो तेव्हा आईने बॅगेत मिक्सर कोंबला. वीज ठाण्यात आणि जर्मनीत सारखीच, २३० व्होल्टची. फक्त पिन बदलावी लागली.

पहिल्याच रविवारी सकाळी लसणाची चटणी करायला घेतली. मिक्सरचा दुसरा फेरा सुरू केला तोच बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. आता, नौपाड्यात वाढलेल्या माणसाचा हिशेब सरळ असतो : मिक्सर चालू असताना शेजारी आला म्हणजे त्याला वास लागलाय. मी आतून वाटीभर चटणी आणून त्यांच्या हातात ठेवली. आजींनी आधी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शांतपणे म्हणाल्या, "रुहेत्साइट."

आभार मानायची ही आणखी एक जर्मन पद्धत असावी, असं समजून मी हसून मान डोलावली आणि तिसरा फेरा लावला.

उलगडा संध्याकाळी रूममेटने केला. रुहेत्साइट म्हणजे शांततेची वेळ. रोज रात्री दहा ते सकाळी सहा, आणि रविवारी अख्खा दिवस. दुकानं बंद, ड्रिल बंद. काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या टाकीत टाकायच्या नाहीत, खळ्ळकन वाजतात. जर्मनीच्या १९१९ च्या, वायमार नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यघटनेने रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिलं आणि १९४९ च्या घटनेत ते कलम तसंच ठेवलं. म्हणजे मी नुसती चटणी वाटत नव्हतो, घटनाभंग करत होतो.

सोमवारी दाराशी वाटी आली. घासून-पुसून लख्ख. सोबत चिठ्ठी : "चव छान. पण सोमवार ते शनिवार." आणि वाटी रिकामी.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तक्रारीचं तिला काहीच नव्हतं. "म्हातारं माणूस, होत असेल त्रास. पण रिकामी वाटी? चिमूटभर साखर तरी? एवढी घटना लिहिली, त्यात हे नाही घातलं?"

दोन वर्षांनी सुट्टीवर ठाण्याला आलो. रविवारी सकाळी साडेसातला वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू. अंगात जर्मनी मुरलेली. मनात वाक्य जुळवत तरातरा जिना चढलो, बेल दाबली. काकूंनी दार उघडलं.

"अरे, कधी आलास? किती वाळलास!" आणि ड्रिलच्या घरघराटातच शिऱ्याची वाटी माझ्या हातात.

"काकू, ते जरा..."

"थांब, बेदाणे घालते अजून."

खाली आलो. आईने वाटी पाहिली, खोबऱ्याचा डबा काढला आणि मिक्सर लावला.