जिनच्या गल्लीत बदनाम कोण झालं?

दारूबंदीचा विषय निघाला की इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचं 'जिन लेन' (जिन नावाच्या दारूची गल्ली) हे चित्र कुणीतरी हमखास टाकतं. १७५१ सालचं लंडन. पायऱ्यांवर झिंगून बसलेली बाई, छाती उघडी, पायांवर फोड, चिमटीत तपकीर आणि कुशीतून निसटून कठड्यापलीकडे उलटं पडणारं तान्हं पोर. वर मथळा : बघा, दारूपायी आई कुठल्या थराला जाते!

मी म्हणते, नजर जरा बाजूलाही फिरवा. त्या गल्लीत घरं कोसळताहेत, माणसं कुत्र्याबरोबर हाडूक चघळताहेत. धंदा जोरात आहे तो तिघांचाच. वस्तू गहाण ठेवून घेणारा, शवपेट्या करणारा आणि दारू गाळणारा. त्या दारूवाल्याचं नावही पाटीवर आहे, किलमन. होगार्थने सगळं दाखवलंय हो, पण शेअर करणाऱ्यांना बाईच दिसते.

आता ही जिन त्या गल्लीत आली कुठून? तर थेट पार्लमेंटातून. १६८९ मध्ये हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला. फ्रान्सशी वैर, म्हणून फ्रेंच ब्रँडी बंद. मग १६९० मध्ये कायदा करून देशी धान्यापासून दारू गाळायला मोकळीक दिली आणि लंडनच्या गाळणाऱ्यांच्या संघाची मक्तेदारी मोडीत काढली. पार्लमेंटात बसलेले बहुतेक जमीनदार. पीक उदंड, भाव पडलेले. बिअरच्याही लायकीचं नसलेलं धान्य भट्टीत जायला लागलं, जमीनदाराला गिऱ्हाईक मिळालं आणि तिजोरीला कर. बिअरवर भरपूर कर आणि जिन मातीमोल, मग गरीब माणूस काय पिणार? ती मिळायची तरी कुठे नाही! मेणबत्त्यांच्या दुकानात, भाजीच्या हातगाडीवर, डोक्यावर टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईकडे. त्यात भेसळ टर्पेंटाइनची. विकणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, कारण विधवेला किंवा खेड्यातून आलेल्या मुलीला फारसं भांडवल न लागता करता येण्याजोगे धंदे होतेच किती?

१७३४ सालचा ज्युडिथ डिफोरचा खटला त्या काळात फार गाजला. ही रेशमाचा पीळ घालायच्या कामावर रात्रपाळी करणारी. दोन वर्षांची मुलगी अनाथ-गरिबांच्या आश्रमात, तिथे तिला नुकतेच नवे कपडे मिळालेले. ज्युडिथने पोरीला थोड्या वेळासाठी म्हणून बाहेर नेलं, गळा आवळून मारलं आणि अंगावरचे कपडे विकले. आले एक शिलिंग चार पेन्स. त्यातून जिन. मग पुन्हा कामावर! ज्युडिथच्या आईने कोर्टात सांगितलं की हिचं डोकं कधी ठिकाणावर नव्हतंच. फाशी झाली. गुन्हा अंगावर काटा आणणारा आहे, त्यात सवाल नाही. पण पुढची दोन वर्षं सुधारक मंडळींनी हीच गोष्ट हातात धरली आणि सगळा रोख पिणाऱ्या आणि विकणाऱ्या गरिबांवर वळवला. गाळणारे बडे शेठ नामानिराळे.

त्यातून निघाला १७३६ चा कायदा. किरकोळ विक्रीच्या परवान्याला वर्षाला ५० पौंड, गॅलनमागे २० शिलिंग कर. म्हणजे बंदीच, फक्त बंदी म्हणायचं नाही. ५० पौंड भरणार कोण? परवाने बोटांवर मोजण्याइतके गेले आणि जिन होती तिथेच विकली जात राहिली. कायदा लागू झाला त्या दिवशी लोकांनी 'मॅडम जिनिव्हा'ची म्हणजे जिनची खोटी अंत्ययात्रा काढली, दुकानांवर काळे कपडे टांगले. कायद्याचा पुरस्कर्ता सर जोसेफ जेकिल, त्याच्या घरावर पहारा बसवावा लागला.

खबऱ्याला बक्षीस ५ पौंड. मोलकरणीच्या वर्षभराच्या पगाराच्या आसपासची रक्कम! मग काय, शेजारी शेजाऱ्याला पकडून द्यायला लागला. फेरीवाल्याला दंड १० पौंड, नाही भरला तर दोन महिने सक्तमजुरी. लोकांचाही संयम सुटला, खबऱ्यांना रस्त्यात गाठून बदडलं, काही जिवानिशी गेले.

यातला माझा सगळ्यात आवडता इसम म्हणजे डडली ब्रॅडस्ट्रीट. स्वतः आधी खबऱ्या, त्यामुळे कायद्याच्या फटी त्याला पाठ. घराचा मालक किंवा भाडेकरू कोण हे खबऱ्याला माहीत नसेल तर आत शिरता येत नाही, हे त्याने हेरलं. ओळखीच्या माणसाच्या नावाने घर घेतलं, खिडकीला लाकडी मांजराची पाटी ठोकली, पंजाखालून शिशाची नळी काढली. गिऱ्हाईकाने मांजराच्या तोंडात पैसे टाकायचे, आतून हा नळीत जिन ओतणार, बाहेरचा पेला धरून उभा. त्याच्याच आठवणींवर भरवसा ठेवायचा तर पहिले तीन तास गल्ली सुनी, पण लवकरच एवढी गर्दी की शेजारी वैतागले. थोड्याच दिवसांत इतरांनीही मांजरं लावली आणि ब्रॅडस्ट्रीटचा गल्ला आटला. (बढाईखोर माणूस आहे, पण काय डोकं!)

१७४३ मध्ये सरकारने हात टेकले. युद्धाला पैसा हवा होता, म्हणून परवाना एक पौंडावर आणला. बिशप मंडळींनी विरोधात मत दिलं, कुणी ऐकलं नाही. त्या सुमाराला खप ८० लाख गॅलनांच्या घरात होता. मग १७५१ चा कायदा आला. त्याने गाळणाऱ्याचा हात धरला : परवाना नसलेल्याला माल द्यायचा नाही, स्वतः किरकोळ विकायची नाही. तुरुंग आणि गरीबगृहांतली विक्री बंद, उधारीवर दिलेल्या दारूची छोटी रक्कम कोर्टातून वसूल होणार नाही. खप उतरला. पण सगळं श्रेय कायद्याला देऊ नका. पीक बुडालं आणि १७५७ पासून धान्यापासून दारू गाळायला बंदीच आली. १७६० च्या सुमारास खप २० लाखांच्या आसपास! धान्य महाग झाल्याबरोबर जे पिणं ओसरलं, ते धान्य स्वस्त होतं म्हणूनच फोफावलं होतं, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही.

मला हे सगळं आठवायचं कारण आपली ज्वारी. २००७ नंतर महाराष्ट्रात धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना सरकारी अनुदानाचं धोरण आलं होतं. कारण दिलं होतं की पावसात भिजून काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल. १६९० चीच भाषा! विरोध झाला, पुढे ते गुंडाळलं गेलं. साखर कारखान्यांच्या मळीबद्दल तर बोलायचीच सोय नाही, ती मळी कुणाच्या गावची हे आपल्याला ठाऊक आहे.

दारूबंदीच्या बाजूने मी कधीही उभी राहीन. आडवी बाटली करणाऱ्या, म्हणजे मतदान करून दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या बायकांनी काय सोसलंय ते मला माहीत आहे. पण चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली, तेव्हाच्या चर्चेत पकडलेल्या पेट्यांचे फोटो खूप बघितले. त्या पेट्या भरून पाठवणारा कारखाना एकाही फोटोत दिसला नाही मला. यापुढे अशी कारवाई झाली की उत्पादन शुल्क खात्याने बाटल्यांवरचा बॅच नंबर जाहीर करावा आणि तो माल कुणाच्या गोदामातून निघाला तेही जाहीर करावं. रॉकेलच्या कॅनमध्ये हातभट्टी विकणाऱ्या मावशीचं नाव बातमीत येतंच की.