वायरचा राउटर हॅक होत नाही म्हणे!

"तुझ्या क्षेत्रातलं आहे, बघ" एवढं लिहून मामांनी पाठवलेला फॉरवर्ड एरवी मी उघडलाही नसता. पण पाठोपाठ फोटो आला. टेबलावर मायक्रोटिक कंपनीचा पाच पोर्टांचा (वायर जोडायच्या पाच जागांचा) वायर्ड राउटरचा डबा, शेजारी वायर काढून उलटा ठेवलेला वायफाय राउटर, आणि खाली प्रश्न : "याची अँटेना वेगळी घ्यावी लागते का?" म्हणजे खरेदी होऊन गेली होती. तीही वापरलेल्या डब्याची, ओळखीच्या केबलवाल्याने "तुमच्यासाठी स्वस्तात" काढून दिलेली.

मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल. "इंटरनेट कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" अशा थाटात तो सुरू होतो. घरातला वायफाय राउटर फेका, प्रोफेशनल वायर्ड राउटर लावा, वेग दुप्पट होईल. दोन कनेक्शनं जोडली तर चौपट. वायफायची किरणं बंद, मुलांच्या नको त्या साइट बंद, कंपनीच्या डब्याची गरजच नाही. आणि शेवटी कळस : सिग्नल हवेत नसल्यामुळे वायरचा राउटर हॅक होतच नाही, म्हणून आतले फायरवॉलचे (बाहेरून येणारं नको ते अडवणारे) नियम काढून टाका, अपडेट करत बसू नका, राउटर हलका पळतो.

आधी अँटेनाचं उत्तर. अँटेना नसते. हा डबा वायफाय देतच नाही. मोबाइल चालवायचे तर त्याला वेगळा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, जोडावा लागतो. जो वायफाय राउटर मेसेज फेकायला सांगतोय तोच त्या कामाला चालतो : त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं आणि नव्या राउटरची वायर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात न घालता लॅन (घराच्या बाजूच्या) पोर्टात घालायची. एवढी एक ओळ त्या लांबलचक मेसेजमध्ये नाही, यावरून लिहिणाऱ्याने असा राउटर कधी लावून पाहिलाय का, याचा अंदाज बांधा.

आता तो कळस. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे वाया जातील. हा मुद्दा धोक्याचा आहे.

राउटर हॅक करणारा माणूस तुमच्या जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेला नसतो. तो इंटरनेटच्या बाजूने येतो, म्हणजे त्याच वायरीतून, आणि बहुतेक वेळा तो माणूसही नसतो. एक प्रोग्राम जगभरचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे घरक्रमांक) ओळीने ठोठावत असतो. राउटरला अँटेना आहे की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

उदाहरण शोधायला लांब जायला नको, मामांच्या टेबलावरच्या कंपनीचंच आहे. मायक्रोटिक ही लॅटव्हियाची राजधानी रीगामधली कंपनी. डबे चांगले बनवते, आपल्याकडचे गल्लोगल्लीचे केबलवाले तिच्यावरच नेटवर्क चालवतात. २०१८ मध्ये तिच्या राउटरओएसमध्ये, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरक्षेचं एक भोक सापडलं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०१८-१४८४७. विनबॉक्स नावाच्या सेटिंगच्या प्रोग्रामसाठी राउटर जो ८२९१ क्रमांकाचा पोर्ट (वायरीची जागा नव्हे, सॉफ्टवेअरमधलं दार) उघडा ठेवतो, त्यातून बाहेरच्या कुणालाही लॉगिन न करता राउटरमधली फाइल वाचता येत होती, आणि त्या फाइलमधून पासवर्ड काढता येत होता. कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच दुरुस्त आवृत्त्या दिल्या. लोकांनी अपडेट केलं नाही. पुढच्या महिन्यांत लाखो मायक्रोटिक राउटर परक्यांसाठी क्रिप्टोचं खाणकाम करवणारी स्क्रिप्ट वाटत बसले होते, आणि मालकांना नेट जरा हळू वाटत होतं, इतकंच.

गोष्ट तिथे संपली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियाच्या यांडेक्स या सर्च कंपनीवर सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्यांचा हल्ला झाला. हल्ला करणाऱ्या बॉटनेटचं (काबीज केलेल्या उपकरणांच्या फौजेचं) नाव मेरिस, आणि त्यातली उपकरणं प्रामुख्याने मायक्रोटिकची. कंपनीने तेव्हा जाहीर निवेदन काढलं आणि त्यातलं म्हणणं प्रत्येक "अपडेट नको"वाल्याने वाचण्यासारखं आहे : हे राउटर २०१८ मध्येच काबीज झालेले आहेत, आणि नुसतं अपडेट पुरेसं नाही. पासवर्ड तेव्हा चोरीला गेला असेल तर तो बदला, फायरवॉल तपासा, आणि आपण न लिहिलेल्या स्क्रिप्ट आत पडल्या आहेत का ते बघा. वायरच्या राउटरची मूळ कंपनीच हे सांगते आहे. तरी "वायरचा हॅक होत नाही".

मामांचा डबा वापरलेला आहे, त्यामुळे हे त्यांना सगळ्यात आधी लागू होतं. जुन्या मालकाचे यूजर, शेड्यूलरमध्ये ठरावीक वेळाने कुठून तरी फाइल ओढणारी स्क्रिप्ट, चालू ठेवलेला सॉक्स प्रॉक्सी (परक्यांची वाहतूक तुमच्या पत्त्यावरून नेणारा), ओळखीचा नसलेला एल२टीपी क्लायंट (बाहेरच्या कुणाशी जोडणी ठेवणारा), हे सगळं डब्याबरोबर फुकट येऊ शकतं. असा डबा नेटइन्स्टॉल या कंपनीच्याच प्रोग्रामने राउटरओएस नव्याने घातल्याशिवाय घरच्या लाइनला लावूच नये. मायक्रोटिकच्या जुन्या डब्यांत यूजर 'अॅडमिन' आणि पासवर्ड कोरा असतो, तोही लगेच बदलायचा.

फायरवॉल काढण्याचा सल्ला तर इतका उलटा आहे की लिहिणाऱ्याचं कौतुक वाटावं. या डब्यात घरासाठी तयार आलेले नियम मूठभर असतात. ज्या संभाषणाची सुरुवात घरातून झाली त्याची उत्तरं आत घ्या, मोडकीतोडकी पॅकेटं (डेटाचे तुकडे) टाकून द्या, आणि बाहेरून आगंतुक येणारं सगळं अडवा, असा त्यांचा मथितार्थ. राउटर वेगाने पळतो तो ज्या फास्टट्रॅकमुळे (ओळखीच्या जोडणीची पॅकेटं जवळच्या वाटेने सोडण्यामुळे), तोही याच यादीतला एक नियम आहे. सगळे नियम काढलेत की फास्टट्रॅकही गेला, आणि प्रत्येक पॅकेट लांबच्या रस्त्याने प्रोसेसरमधून जायला लागलं. म्हणजे "हलका" करण्याच्या नादात तुम्ही राउटर जड केलात.

त्याहून वाईट म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना उत्तरं देता यावीत म्हणून हा राउटर डीएनएसचे प्रश्न स्वीकारतो. बाहेरच्यांना अडवणारा नियम गेला की तो अख्ख्या जगाचे प्रश्न स्वीकारू लागतो. मग कुणीतरी खोटा परतीचा पत्ता लावून छोटे छोटे प्रश्न विचारतो आणि तुमचा राउटर मोठी मोठी उत्तरं तिसऱ्याच्याच माथी मारत राहतो. तुमची अपलोडची लाइन भरून जाते, आणि तक्रार आली तर पत्ता तुमचा.

एक अर्धसत्य इथे नाइलाजाने मान्य करतो, कारण कुणीतरी "माझ्याकडे नियम नाहीत, कधी काही झालं नाही" असं म्हणणारच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी देतच नाहीत. राउटरच्या वॅन पोर्टवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवण्याच्या पद्धतीच्या) मागे आहात आणि बाहेरचा प्रोग्राम तुमच्यापर्यंत थेट पोहोचत नाही. पण त्याच कंपनीच्या नेटवर्कवरचे शेजारी पोहोचू शकतात. आणि आयपीव्ही६ला, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीला, हे कवच लागू नाही. तिथे घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, आणि मधे उभी असते ती फक्त फायरवॉल. तीच काढा म्हणतायत.

किरणांबद्दल एवढंच : मोबाइल चालवायला शेवटी अॅक्सेस पॉइंट लावावाच लागतो, तेव्हा वायफाय जिथे होतं तिथेच राहतं. आणि मुलांचं म्हणाल तर राउटरवर डीएनएसची गाळणी बसवता येते, थोडी उपयोगी पडते, पण आठवीतल्या मुलाला मोबाइल डेटा चालू करता येतो.

"कंपनीच्या डब्याची गरज नाही" यावर मात्र थांबायला हवं, कारण यात लोक कनेक्शनच बंद पाडून घेतात. भिंतीतून येणारी ती बारीक वायर फायबरची आहे. तिच्यातल्या प्रकाशाचं इथरनेट (तांब्याच्या वायरीतले सिग्नल) करतो तो ओएनटी, म्हणजे कंपनीचा डबा, आणि कंपनीच्या बाजूचं यंत्र तुमचा ओएनटी त्याच्या नोंदलेल्या क्रमांकावरून ओळखतं. पाच तांब्याच्या पोर्टांच्या राउटरात फायबर खुपसायला जागाही नाही. लँडलाइनही बहुधा त्याच ओएनटीतून चालते. करायचं असेल तर कंपनीला फोन करून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून नुसता सिग्नल पुढे देण्यावर) टाकायला सांगा, पीपीपीओईचा (कनेक्शनच्या लॉगिनचा) यूजर-पासवर्ड आणि व्हीलॅन (लाइनवरची वेगळी मार्गिका) असेल तर त्याचा क्रमांक मागून घ्या. काही जण देतात, काही जण "सर, तसा ऑप्शन नाही" म्हणतात. नाही दिलं तर ओएनटीच्या मागेच राउटर लावा. दोनदा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) होतं, पण रोजच्या वापरात क्वचितच काही अडतं.

दोन लाइन जोडून वेगाची बेरीज किंवा चौपट वगैरे होत नाही. असा राउटर एकेक जोडणी या किंवा त्या लाइनवर वाटून देतो. एकच मोठी फाइल एकाच जोडणीने उतरवत असाल तर ती एकाच लाइनच्या वेगाने उतरते. नीट वाटणी केली नाही तर बँकेच्या साइटला तुम्ही क्षणात या पत्त्यावरून आणि क्षणात त्या पत्त्यावरून आलेले दिसता, आणि ती लॉगआउट करून टाकते. दुसऱ्या लाइनचा खरा फायदा वेगळाच आहे : रस्ता खोदताना एक फायबर तुटली की राउटर आपोआप दुसरीवर जातो. घरून काम करणाऱ्याला हे एक कारण पुरे आहे. पण मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

राहिला दुप्पट वेग. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर ती मर्यादा कंपनीच्या टोकाला लावलेली असते, तुमच्या टेबलावरचा डबा कितीही भारी असो. पण इथेही दोन गोष्टी मान्य करायला हव्यात, त्याशिवाय माणसं "मला तर फरक जाणवला" का म्हणतात ते कळणार नाही.

एक म्हणजे रांग. घरात कुणी ड्राइव्हवर फोटो चढवायला लावले की व्हिडिओ कॉल तुटक होतो, कारण अपलोडच्या टोकाला पॅकेटांची लांबलचक रांग साचते. यालाच बफरब्लोट म्हणतात, आणि त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आखूड ठेवण्याची युक्ती मांडली. तिची पुढची भावंडं, एफक्यू-कोडेल आणि केक, राउटरओएस ७ मध्ये आहेत. ती लावली की वेगाचा आकडा वाढत नाही, उलट किंचित कमी ठेवावा लागतो, पण कॉल तुटत नाही. फक्त एक आहे, फास्टट्रॅकने गेलेली पॅकेटं या रांगांना वळसा घालून जातात, म्हणून दोन्हीतलं एक निवडावं लागतं, आणि स्वस्त डब्याचा प्रोसेसर वरच्या वेगांना दमतो. १०० एमबीपीएसच्या घराला तो पुरतो.

दुसरी गोष्ट वायर. वेग अडकलेला असतो तो बऱ्याचदा राउटरपाशी नसतोच, जोडणाऱ्याने घाईत बसवलेल्या कनेक्टरपाशी असतो. कॅट ५ई वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. चारच बसवल्या असतील तर ३०० चा प्लॅन घेऊनही आकडा ९४-९५ च्या पुढे सरकत नाही, आणि नवा राउटर आणूनही सरकणार नाही. त्यामुळे पैसे काढण्याआधी लॅपटॉप वायरने जोडून लिंकचा वेग १०० दाखवतोय की १०००, ते बघा. १०० असेल तर कनेक्टर उजेडात धरून तारा मोजा, आठही असतील तर ओएनटीचा तो पोर्ट गिगाबिटचा आहे का ते तपासा. काही ओएनटींमध्ये एकच पोर्ट तसा असतो, बाकीचे १०० चे.