गटार रुंद केलं, पाणी जाणार कुठं?
एका लेखात म्हटलंय, गटारी रुंद केल्या की बेळगावात पाणी तुंबायचं थांबेल. अर्धंच खरं. तासाला ५० मिमी पाऊस धरा. एक हेक्टर मोकळ्या जमिनीवरून सेकंदाला साधारण ४० लिटर पाणी वाहतं, काँक्रीट झालं की १२५. ते उतरतं बळ्ळारी नाल्यात. तिथला गाळ, जलपर्णी तशीच ठेवली तर रुंद गटार पाणी फक्त लवकर पोचवणार आणि बुडणार शहापूर-वडगाव शिवारातलं भात. म्हणून काम खालून वर करायचं, आधी नाला, मग गटार. गटाराला २०० मीटरला निदान एक मीटर उतार, वळणावर गाळाचा खड्डा. आणि पाणी जमिनीत मुरावं म्हणून पेव्हर ब्लॉकखाली काँक्रीट नको, खडी घाला. काँक्रीटवर बसवलेल्या पेव्हरमधनं पाणी मुरतंय कसलं!