फिनेलच्या बाटलीवरही त्रिकोण हवा

चवथीच्या तोंडावर गोव्यात फोंडा किंवा म्हापशाच्या बाजारात एक चक्कर मारा. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं फिनेल आणि पिवळसर ॲसिड विकायला ठेवलेलं दिसेल. आत काय आहे, किती तीव्र आहे, पोटात गेलं तर काय करायचं, यातलं एक अक्षर बाटलीवर नसतं. तान्ह्या पोरांच्या घरात हीच बाटली मोरीजवळ उभी असते. हे पाहून माझा जीव तळमळतो.

कंपनीच्या मालाचीही गत फार बरी नाही. आमच्या शेजारच्या काकींनी न्हाणीघरात आधी ब्लीच ओतलं आणि डाग निघेना म्हणून वर टॉयलेट क्लीनर. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. खोकून खोकून त्या अर्धमेल्या झाल्या. दोन्ही बाटल्यांवर सूचना होती, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत. काकी रोज मराठी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात. हीच सूचना मराठीत आणि ठसठशीत असती तर त्यांनी वाचलीच असती.

पण कायद्याला तेवढंही नको आहे. वेष्टित मालाच्या २०११च्या केंद्रीय नियमांनुसार किंमत, वजन, उत्पादकाचा पत्ता वगैरे छापायचं ते हिंदीत किंवा इंग्रजीत. बाकी भाषा घातल्या तर हरकत नाही, इतकंच. कोकणी-मराठी वाचणाऱ्या गोव्यात याला काय अर्थ आहे?

गंमत म्हणजे याहून चांगला नियम आपल्याच देशात पन्नासहून अधिक वर्षं आहे. कुळागर म्हणजे बागायत किंवा शेती असलेल्यांना पिकावरच्या कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण ठाऊक असेल. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल असेल तर वर कवटी आणि हाडंसुद्धा. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१चे नियम यांतून हे आलं. लेबलावर हिंदी-इंग्रजीसोबत त्या भागातली भाषाही हवी, विषबाधा झाली तर काय करायचं ते हवं, आणि ‘निर्धोक’, ‘बिनविषारी’ अशी जाहिरातबाजी नको, असं हे नियम सांगतात. अक्षर न येणारा माणूसही रंग ओळखतो. मग पिकावरच्या औषधाला जी शिस्त, ती पोराच्या हाताशी असलेल्या ॲसिडला का नाही?

काही मित्र म्हणतात, कॅलिफोर्नियासारखा कायदा आणा. तिथे १९८६ साली लोकांनी मतदान करून ‘प्रपोझिशन ६५’ आणलं. कर्करोग किंवा गर्भाला अपाय करू शकणाऱ्या सुमारे ९०० रसायनांची यादी आहे. इशारा न देणाऱ्याला दर उल्लंघनामागे दिवसाला २,५०० डॉलरपर्यंत दंड होतो आणि खटला कुणीही भरू शकतो. म्हणून खटल्याच्या धास्तीने दुकानदार आणि कंपन्या दिसेल त्यावर इशारा चिकटवतात, कॉफीच्या दुकानांतही पाट्या लागल्या होत्या. सगळीकडे तीच पाटी दिसली की माणूस वाचणं सोडतो. जपून वापरायच्या वस्तूची नेमकी खूण डोळ्यांत भरायला हवी असेल, तर ती सरसकट लावून चालत नाही.

त्या कायद्यातली आणखी एक गोष्ट आपण मुळीच घेऊ नये. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या धंद्याला तिथे सूट आहे. आपल्याकडे अशी सूट दिली तर सुटं फिनेल आणि ॲसिड बरोबर त्या फटीतून निसटेल. घरगुती उद्योगावर बोजा पडेल, हा आक्षेप मला ऐकू येतो आणि तो खोटा नाही. म्हणूनच सरकारने छापील चिकटपट्ट्या बचतगटांना आणि छोट्या उत्पादकांना फुकट द्याव्यात. रंगीत त्रिकोण, रसायनाचं नाव, ‘ब्लीचसोबत मिसळू नका’, ‘गिळल्यास उलटी करवू नका, बाटली घेऊन डॉक्टरकडे जा’, हे सगळं कोकणी-मराठीत. पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरून विकायला मात्र सरळ बंदी, कुणालाही सूट न देता.